धुतलेलं जॅकेट

१४ जुलै, सोमवार

काल सकाळी देवापुढे दिवा लावून झाल्यावर मी एक काम केलं. आधी ते लिहितो, मग कारण लिहितो.

न्हाणीघरातला निळा ड्रम बायकोने, मंगळीने, आदल्या दिवशीच काठोकाठ भरून ठेवला होता. त्यात मी एक नारिंगी लाइफ जॅकेट सोडलं. त्याच्या पट्ट्याला पिशवी बांधली. पिशवीत घरातला वरवंटा आणि शेजारच्या वाण्याकडून आणलेली वजनं, मिळून साडेसात किलो. समुद्रावर वापरायच्या जॅकेटाने एवढं ओझं चोवीस तास वर धरलं पाहिजे, असा नियम आहे. तो मला पाठ आहे. चौदा वर्षं मी कुकर, हेल्मेट, पाणी तापवायच्या सळ्या, खेळणी आणि जॅकेटं तपासतो आहे.

नऊ वाजता ते तरंगत होतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. साडेअकराला त्याचे खांदे पाण्याखाली गेले. जेवून आलो तेव्हा ड्रममध्ये नुसतं पाणी दिसत होतं. कोपरापर्यंत हात घातला तर जॅकेट तळाला बसलेलं, भिजलेल्या गोधडीसारखं जड.

आता कारण. शुक्रवारी कार्यालयात एक बाई आली. डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी, काखेत प्लास्टिकची पिशवी. नाव पुष्पलता, आमच्याच जिल्ह्यातल्या माहीमची. नवरा कुंदन हा थोरल्या दिराच्या बोटीवर खलाशी. तिने पिशवीतलं जॅकेट माझ्या टेबलावर ठेवलं.

"सायेब, हे मी धुतलं."

"जॅकेट धुतलं?"

"उंदरांचा वास येत होता. टबात टाकलं, साबन लावला, तर खाली जाऊन बसलं. गाव हसतंय मला. जॅकेट धुतात का, म्हनून. मी म्हनते, टबात बुडलं ते दर्यात काय करनार?"

मी शिक्का बघितला. शिक्का बरोबर होता. तिला तसं सांगितलं.

"शिक्का मी पन बघितला," ती म्हणाली. "माज्या घरवाल्याचा खांदा गेल्या साली यंत्रात सापडला. एक हात वरती जात नाय. पोहनारा मानूस, पन आता एका हाताचा. नारली पुनवेला बोट सुटंल. तुमी शिक्का बघा, मी त्याला बघते."

गेली पाटी उचलून. जॅकेट ठेवून गेली.

हे जॅकेट बोईसरच्या ज्या कारखान्याचं आहे त्याची तपासणी गेल्या वर्षी मीच केली. त्याच्या आदल्या वर्षीही मीच. कारखान्यात मालाची चाचणी घ्यायला पाण्याची टाकी आहे. मालक धर्मेश हसत म्हणाला होता, "साहेब, उतरून बघायचं का?" मी टाकीपासून चार हात लांब उभा होतो. म्हटलं, गरज नाही. टेबलावरचं जॅकेट उचललं, पट्टे ओढले, शिवण बघितली आणि वहीत 'समाधानकारक' लिहिलं.

गरज नाही असं मी का म्हटलं, ते कुणालाच माहीत नाही. मला पाण्याची भीती वाटते. शाळेत जाताना आमच्या पाड्याखालचा ओहोळ ओलांडावा लागे. तिसरीत असताना एकदा पाय सुटला. गुरुजींनी केस धरून बाहेर काढलं. तेव्हापासून तांब्याच्या पलीकडचं पाणी मी अंगावर घेतलेलं नाही.

काल संध्याकाळी पुन्हा दिवा लावला आणि महालक्ष्मीच्या गडाकडे तोंड करून बोललो, की ज्या जॅकेटावर माझी सही होईल ते एकदा अंगात घालून मी पाण्यात उतरेन. बोलून झाल्यावर दिव्याची वात सारखी केली. गडावरच्या आईने ऐकलं नसेल तर बरं, असंही मनात आलं.

मंगळीने काही विचारलं नाही. खालच्या नळावरून दोन हंडे आणून तिने भांडी उरकली.


१५ जुलै

हिना मॅडमना सगळं सांगितलं. त्या आमच्या कार्यालयाच्या प्रमुख. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण बोलणं मोजकं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वरठा, घरच्या ड्रमवर केस उभी राहत नाही. वाण्याच्या वजनांवर तर नाहीच. नमुने बाजारातून आणि बोटींवरून घ्या. प्रमाणित वजनं घ्या, त्यांचं प्रमाणपत्र जोडा. पंच दोन नको, पाच घ्या."

"मॅडम, पुनवेला बोटी सुटतील. प्रयोगशाळेचा अहवाल महिन्याने येतो."

"म्हणून तर म्हणते, पंचांसमोर चाचणी घ्या. तिच्या आधारावर तात्पुरती विक्रीबंदी करता येते. आणि या कारखान्याची तुमची जुनी फाइल मला आणून द्या."

फाइल दिली. त्यांनी चाळली, माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःच्या कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

मला वाटतं त्यांना हे प्रकरण नको आहे. एवढे कागद मागितले की माणूस आपोआप थकतो. आणि फाइल हाताशी असली म्हणजे उद्या माझ्यावर ढकलायला सोयीची. असं मनात यायला नको, पण आलं ते लिहिलं.


१८ जुलै

बोईसरला गेलो. कारखान्याच्या गोदामाला कुलूप. मालक बाहेरगावी, म्हणे. तिथून चालत सालवडच्या नाक्यावर आलो आणि चहा घेतला. शेजारी एक कामगार बसला होता, हाताच्या केसांत फोमचा पांढरा भुगा. माझ्याकडे बघून हसला.

"साहब, पहचाना नहीं? अनुज. सिलाई में हूँ. आप पिछले साल भी आए थे. टेबल वाला देखा था आपने."

"टेबल वाला म्हणजे?"

"अरे वही, दिखाने वाला. वो तो सेठ बाहर से खरीद के लाए हैं, दूसरी कंपनी का. ऊपर अपना लेबल सी दिया. तीन साल से वही टेबल पे रहता है. जो भी आता है, उसी को देखता है."

"आणि विकायचं?"

"उसमें सोफे की कटिंग जाती है. ऊपर से पन्नी चिपका दी." त्याने कप खाली ठेवला. "मेरा नाम मत लिखना साहब. सरावली में खोली है, बच्चों का स्कूल है."

इथे नाव लिहिलं, कारण ही वही माझी आहे. कागदावर लिहिणार नाही.

म्हणजे मी एकाच जॅकेटला दोन वर्षांत दोनदा पास केलं. आणि पहिल्या वर्षी आलेला निरीक्षक कोण, ते आठवून बघितलं. तोही मीच. तीनदा.

स्टेशनावर येईपर्यंत एकदा हसू आलं.


२१ जुलै

माहीमला गेलो. किनाऱ्यावरच्या शेडमध्ये बोटींची डागडुजी चालू होती, डांबराचा वास होता. पुष्पलताताईंनी माणसं जमवलेली. त्यांचे थोरले दीर महादू तांडेल मधोमध बसले होते. बोट त्यांची, तिच्यावरची आठ माणसं त्यांची आणि आवाजही त्यांचाच.

मी म्हटलं, नमुने हवेत. सहा बोटींवरून एकेक.

"घ्या की," महादू म्हणाले. "पिशवीतून काढलेलं पन नाय. नवंकोरं हाय."

खरंच, सगळी जॅकेटं प्लास्टिकच्या पिशवीतच होती. केबिनच्या छताखाली खोचलेली. कुणीच कधी घालत नाही. परवान्याच्या वेळी अधिकारी येतो, मोजतो, जातो. मी विचारलं, का घालत नाही?

"चांगल्या दिवसात जॅकेट घालून निघालं म्हनजे दर्याला सांगितलं, की तुज्यावर माजा इस्वास नाय. मग तो कशाला सांबाळंल?"

"आणि वाईट दिवसात?"

"तवा पिशवीची गाठ सुटंल तर!" कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले. महादू नाही हसले.

"सायेब, तुमी डोंगरातले. तुमचं नाव काय, सुका? नावातच पानी नाय. जॅकेटं तुमी बाद केली, तर परवाना नाय मिलनार. पुनवेला साठ बोटी धक्क्याला बांदून ठेवू? गावातली चूल तुमी पेटवनार?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पुष्पलताताई पुढे आल्या. "भावजी, तुमचं जॅकेट आना. आत्ता धुते."

"येडी हायेस काय!"

"एवडा इस्वास हाय तर भिता कशाला? एका टबाला?"

पुन्हा हशा. पण या खेपेला महादूंनीच आपल्या बोटीवरून पिशवी काढून माझ्यापुढे टाकली. "घेऊन जा. तरंगलं तर तुमी माज्या बोटीला हार घालायचा."

कुंदन मागे जाळं शिवत बसला होता. एका हाताने आणि दातांनी. एक शब्द बोलला नाही.

कार्यालयात येऊन मॅडमना सांगितलं, तांडेल फार विरोधात आहेत. त्या म्हणाल्या, "मग त्यांनाच पंच करा." मला हे विचित्र वाटलं. शत्रूला साक्षीला बसवायचं? पण वरिष्ठांचा शब्द.


२४ जुलै, दीप अमावास्या

पहाटे मंगळीने कणकेचे दिवे केले. मी नैवेद्य दाखवला आणि सहाच्या रिक्षाने निघालो.

जाळी धुवायचा सिमेंटचा हौद आहे, गावाच्या तोंडाशी. तो भरून घेतला. सहा जॅकेटं, सहा लोखंडी वजनं, पाच पंच. त्यांत शाळेचे परगावचे मास्तर, शेजारच्या गावचा एक दुकानदार, दोन खलाशी आणि महादू तांडेल. आठ वाजता सगळी जॅकेटं पाण्यात सोडली. प्रत्येकावर खडूने आकडा घातला होता. मी हौदाच्या कठड्यापासून दोन हातांवर उभा राहिलो. मागच्यापेक्षा दोन हात जवळ.

दहापर्यंत सहाही तरंगत होती. महादू तंबाखू मळत म्हणाले, "हार आनला काय, सायेब?"

अकरा वाजता एक नंबर कलला. आधी एक खांदा, मग दुसरा. बुडबुडे आले आणि जॅकेट वजनाच्या मागे सरळ खाली गेलं. एक नंबर महादूंचंच होतं. त्यांच्या हातातली तंबाखू तशीच राहिली.

चारपर्यंत आणखी चार गेली. शेवटच्यावर पंचांनी रात्रभर पाळीपाळीने नजर ठेवली. हे लिहितो आहे ती २५ तारखेची सकाळ आहे, आणि तेही गेलं.

महादू हौदात वाकून बघत राहिले. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"माजे आट खलाशी हायेत," एवढंच म्हणाले. "त्यांत एक माजा भाव."

पंचनाम्यावर पहिली सही त्यांनी केली. अक्षर मोठं, पेन कागदात रुतलेलं.

पुष्पलताताईंना आता कुणी हसत नव्हतं. त्याच सगळ्यांवर हसत होत्या. "आता सांगा, धुनं कोनाचं खरं!"


२५ जुलै, संध्याकाळ

धर्मेश कार्यालयात आला. नेहमीसारखाच नम्र. मॅडम बाहेर गेल्या होत्या.

"वरठासाहेब, त्या बाईने साबण लावला. साबणाने फोम खराब होतो. पुढच्या मालावर मी टॅग लावतो, 'पाण्यात धुऊ नये.' विषय संपला."

"हौदात साबण नव्हता," मी म्हटलं. "आणि जॅकेट पाण्यापासून लांब ठेवायचं, तर घालायचं कुठे?"

तो हसला नाही. "तीन वर्षं तुमचीच सही आहे साहेब. मी खोटा, तर तुम्ही कोण? यंदा बढतीची यादी आहे ना? अहवालात जुन्या तपासण्यांची ओळ कशाला हवी? चूक या वर्षीच्या मालाची. तुम्हीही मोकळे, मीही."

जाताना दारात शिपायाला काहीतरी विचारत होता. नंतर शिपाई मला म्हणाला, "जुनी फाइल कुठे आहे विचारत होते. मी म्हटलं, मॅडमच्या कपाटात, किल्ली त्यांच्या पर्समध्ये." बरं झालं, चुकून तिथे राहिली.

घरी आलो. ती एक ओळ डोक्यातून जाईना. खरं तर तो म्हणतो त्यात खोटं असं काहीच लिहायचं नव्हतं, फक्त एक खरं गाळायचं होतं. एकोणपन्नासाव्या वर्षी चौकशी लागली तर पाड्यावरचे लोक काय म्हणतील? शिकून साहेब झालेला पहिला माणूस. गुरुजी असते तर त्यांना तोंड कसं दाखवलं असतं?

मंगळी भाकऱ्या थापत होती. तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "लिवून टाका. मला ड्रम रिकामा करायचा हाय. बारा दिस झाले, मी खालून पानी आनते."

मी एवढं मोठं सांगत होतो आणि तिचं लक्ष ड्रमात. पण खरंच, बारा दिवस झाले. माझ्या लक्षात आलं नव्हतं.


२६ जुलै

अहवाल लिहिला. चार पानं. पहिला परिच्छेद असा: "सदर कारखान्याची मागील तीन वर्षांची तपासणी मी स्वतः केली. तिन्ही वेळा मी मालकाने पुढे ठेवलेलं एकच जॅकेट तपासलं व पाण्यातील चाचणी घेतली नाही. हा माझा निष्काळजीपणा आहे." मग बाकीचं.

शनिवार असूनही मॅडम आल्या होत्या. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. पहिल्या परिच्छेदाखाली लाल शाईने लिहिलं, "सदर बाब निरीक्षकाने कोणी न विचारता स्वतःहून निदर्शनास आणली आहे," आणि सही केली. त्यांना प्रत्येक कागदावर काहीतरी लिहायची सवयच आहे.

विक्रीबंदीचा आदेश निघाला. खाली माझी सही.

घरी येऊन आधी ड्रम रिकामा केला. वरवंटा परत जागेवर ठेवला.


२९ जुलै

आज गोदाम उघडलं. पोलीस, पाच पंच, मॅडम धरून आमचे तिघे. एक हजार एकशे चाळीस जॅकेटं. सुरीने एक उभं फाडलं. आत निळे, पिवळे, हिरवे, सोफ्याच्या गादीचे तुकडे बाहेर पडले, होळीच्या रंगांसारखे. पंच म्हणून आलेले महादू तांडेल खाली बसले, एक तुकडा उचलून दाबला आणि म्हणाले, "ह्याच्यावर आमी जीव टाकनार होतो? ह्याच्यावर तर पावना पन बसवनार नाय."

तिथल्या ऑफिसातल्या टेबलावर ते होतं. दाखवायचं जॅकेट. आतल्या बाजूला तपासणीची तीन लेबलं, तिन्हींवर माझी सही. तेही जप्त केलं. कारखान्याच्या टाकीत वजन लावून सोडलं, तर निघेपर्यंत छान तरंगत होतं. माझी सही खोटी नव्हती, फक्त चुकीच्या जॅकेटावर होती. यात समाधान मानावं का, कळत नाही. मानलं नाही.

धर्मेशचा वकील दोन तास पंचनामा वाचत होता. वजनांचं प्रमाणपत्र मागितलं, ते होतं. पंच गावाबाहेरचे किती विचारलं, ते होते. विरोधी पक्षाचा कुणी होता का विचारलं. महादू म्हणाले, "मी व्हतो. हार मागत व्हतो." मग वकील म्हणाला, जुन्या तपासणीची फाइल पाहू. मॅडमनी पर्समधून किल्ली काढून मला दिली. मी कार्यालयातून फाइल आणली, आणि तिच्यावर ठेवलेला माझा अहवालही. वकिलाने लाल शाईची ओळ वाचली आणि बॅग बंद केली. धर्मेशने त्याच्याकडे बघितलं, त्याने नुसती मान हलवली.

संध्याकाळी धर्मेशने लिहून दिलं, विकलेला माल परत घेऊन त्या बदल्यात दुसऱ्या कंपनीचा तपासलेला माल स्वखर्चाने देईन. खटला वेगळा चालेल, तो चालायचाच.

आणखी एक. बदली माल पुनवेआधी कसा येणार, ही चिंता मला होती. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कंपनीकडे त्यांनी सोळा तारखेलाच पत्र टाकलं होतं, चारशे ऐंशी नग तयार आहेत. साठ बोटी, आठ-आठ माणसं. सोळाला तर मी नुकतं तोंड उघडलं होतं. योगायोग म्हणायचा.


६ ऑगस्ट

टेम्पो दुपारी माहीमला पोचला. त्याआधी हौदावर गावच्या बाया रांगेत उभ्या. आता इथे नियमच झाला आहे, धुतल्याशिवाय जॅकेट बोटीवर चढणार नाही. पुष्पलताताई मुकादम.

"शालू, नीट बुडव ग! पावन्याची चादर हाय का ती, वरच्या वर खंगालतेस?"

"आत्या, हे बुडतच नाय!"

"मग बरं हाय की! न बुडनारंच पायजे!"

पन्नास-पन्नासाचे घाणे करून चारशे ऐंशी जॅकेटं पाण्यात दाबली. एकही खाली राहिलं नाही. चोवीस तासांच्या चाचणीला मी मधूनच उचलून दहा वेगळी ठेवली. मालकाने दिलेली नाहीत, मी उचललेली.

मला वाटलं, झालं. पण महादू तांडेल धक्क्यावर बसून होते.

"हौदात तरंगलं ते जॅकेट, सायेब. मानूस घालून कोन उतरला?"

"मी उतरतो," एक खलाशी म्हणाला.

"तू उतरून काय उपेग? तू माशासारका पोहतोस. तू तरलास तर जॅकेटाने तरलास का हातापायाने, कोनाला कलनार? एकदा फसलो, दोनदा नाय फसनार. पोहता न येनारा मानूस पायजे."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. असा माणूस त्या गावात नव्हता. चार वर्षांची पोरंही खाडीत उड्या मारतात. कुंदनसुद्धा एका हाताने पलीकडे जाऊन येतो, फक्त भर दर्यात तेवढं पुरायचं नाही.

"गावात कोन नाय भावजी," पुष्पलताताई म्हणाल्या. "तुमाला हवा तसा मानूस डोंगरातून आनावा लागंल."

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. मी फाइल काखेत धरून उभा राहिलो, आणि मग रिक्षात बसलो.

चाळीस वर्षं मी ही गोष्ट लपवली. आज सगळा समुद्रकिनारा धुंडून लोकांना नेमकी तीच हवी होती. आई, तू ऐकलं होतंस तर.


७ ऑगस्ट

दहाही जॅकेटं चोवीस तासांनंतर वर. काम पूर्ण.

जेवण गेलं नाही. मंगळी म्हणाली, उद्या पुष्पलताने पुनवेला बोलवलं आहे, मीही येते. या दोघींची ओळख कधी झाली, देव जाणे. बाजारात, म्हणाली.


८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आज केलं.

दुपारी भरती टिपेला होती. धक्क्याच्या वरच्या दोन पायऱ्याच तेवढ्या कोरड्या. बोटींना पताका, बायांच्या डोक्यात अबोली, वाजंत्री. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ महादूंनी दर्याला दिला, सगळ्यांनी हात जोडले. मग ते वळले आणि म्हणाले, "सायेब, मग? कोन हाय?"

मी बूट काढले. घड्याळ काढून मॅडमच्या हातात दिलं. त्या कशाला आल्या होत्या, माहीत नाही.

"मी आहे," मी म्हटलं. "मला पोहता येत नाही."

हसू उसळलं आणि थांबलं. पुष्पलताताईंनी तोंडावर पदर धरला. महादूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"खरंच नाय येत?"

"पाण्याला भितो. तिसरीपासून. म्हणून त्या कारखान्याच्या टाकीत मी जॅकेट सोडून बघितलं नाही. तुमच्या खलाशांच्या जिवावर बेतलं ते त्याच्यामुळे."

हे मोठ्याने बोलायचं ठरवलं नव्हतं. निघून गेलं.

महादूंनी ढिगातून एक जॅकेट उचललं. मी ते परत ठेवलं आणि डोळे मिटून दुसरं घेतलं. ते पहिल्यांदा हसले. स्वतः वाकून माझे पट्टे बांधले, एक एक ओढून बघत. शेजारी छोटी होडी लावली आणि स्वतः तिच्यात बसले.

मी गडाच्या दिशेला हात जोडले. खाली हिरवं-करडं पाणी पायरीला थपडा मारत होतं. ओहोळ आठवला, गुरुजींचा हात आठवला. मग जे जमलं ते लिहितो, उडी नव्हती ती. पायरीवरून पुढे चालत गेलो आणि पायरी संपली.

पाणी डोक्यावरून गेलं. कानात गडगडाट, नाकात खारट. खाली काही नाही. किती वेळ, सांगता येत नाही. मग कुणीतरी काखेत हात घालून उचलावं तसा मी वर आलो. तोंड बाहेर. आकाश. श्वास.

हातपाय हलवले नाहीत, हलवता येतच नव्हते. लाट आली की वर जात होतो, गेली की खाली. धक्क्यावर माणसं ओरडत होती. महादू होडीतून मोठ्याने मोजत होते, पन्नास, साठ, शंभर. मी आकाशाकडे बघत पडून राहिलो. भीती होती, पण आता ती माझ्याबरोबर तरंगत होती.

पाचशेला त्यांनी मला ओढून घेतलं. पाठीवर जोरात थाप मारली. "सायेब, बोटीला हार तुमी घालायचा व्हता. आता आमी तुमाला घालतो." खरंच घातला, नारळाला आणलेल्यांतला एक.

वर आलो तेव्हा कुंदनने नव्या सदऱ्यावर जॅकेट चढवलं होतं. एका हाताला पट्टा जमेना म्हणून पुष्पलताताई बांधत होत्या. कुणी म्हटलं, आज तर दर्या शांत हाय. कुंदन पहिल्यांदाच बोलला, "दर्याला सांगंन, तुज्यावर इस्वास हाय. हे बायकोवरच्या इस्वासापायी." महादूंनीही आपलं घातलं. मग बोटींवर एकेक नारिंगी ठिपका वाढत गेला. साठ बोटी वाजत गाजत खाडीबाहेर पडल्या, आणि मुखापाशी वळेपर्यंत सगळे ठिपके दिसत होते.

मंगळीने मला भिंतीआड नेलं. तिच्या पिशवीत टॉवेल होता, कोरडा शर्ट, पँट, बनियन, अगदी रुमालसुद्धा.

"हे कधी भरलंस?"

"तेरा जुलैला."

"मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं."

"तुमी देवाशी मोठ्याने बोलता," ती म्हणाली आणि माझं डोकं पुसायला लागली.

संध्याकाळी कार्यालयात जाऊन तपासणीची वही काढली. केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. मालाचा तपशील लिहिला, नग चारशे ऐंशी. शेऱ्याच्या रकान्यात सवयीने 'स' काढला आणि थांबलो. तो खोडला. लिहिलं: "अंगात घालून पाण्यात उतरलो. तरंगलो." आणि खाली सही केली.